मोकळा थ्री चुकला की राग कुणावर? बास्केटबॉल गेममधला खरेपणा आणि मजा

प्रश्न थोडक्यात असा: तिघे मित्र नियमित जमून एनबीए टू-के हा, अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवरचा व्हिडिओ गेम खेळतात. एकाला १२ मिनिटांचे क्वार्टर, सगळे फाउल, थकवा, दुखापती असं सगळं चालू हवं. दुसऱ्याला पटकन संपणारा सामना, भरपूर डंक (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं) आणि मधेमधे गप्पा हव्यात. प्रश्न विचारणारा तिसरा. त्याला जाणून घ्यायचंय की खरेपणाच्या नादात गेमची मजाच निघून जाते का, आणि तिघांनाही चालेल अशी काही सेटिंग जमते का.

मी खेळांच्या व्हिडिओ गेम्समध्ये आकडे जुळवायचं काम करतो. शॉट किती वेळा बसावा, खेळाडूला वळायला किती वेळ लागावा, तो कधी दमावा, हे ठरवणं आमच्याकडे असतं. त्यामुळे हा वाद रोज कानावर पडतो. माझ्या मते तुमच्या दोन्ही मित्रांच्या तोंडी 'खरेपणा' हा शब्द असला तरी मागण्या वेगळ्याच आहेत. सामन्याचा निकाल तीन ठिकाणी ठरू शकतो: तुमच्या डोक्यात, तुमच्या बोटांत किंवा नशिबात. पहिल्या मित्राला डोक्याचा वाटा मोठा हवाय, दुसऱ्याला बोटांचा. नशिबाचा वाटा वाढला की दोघंही चिडतात, फक्त चिडण्याचं कारण प्रत्येक जण वेगळं सांगतो. हे तीन वाटे डोक्यात ठेवून कुठलीही सेटिंग बघितली की ती कशासाठी आहे ते लगेच कळतं.

आधी 'खरा' बास्केटबॉल म्हणजे काय ते बघू, कारण तोही कुणीतरी बसून जुळवलेलाच आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं. हो, पूर्ण सामन्याचा स्कोअर. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळचा दादा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) होता, त्याच्यापुढे निभाव लागणार नाही म्हणून पिस्टन्सने बॉल नुसता हातात धरून वेळ काढला. नियमाप्रमाणे त्यात काहीच चुकीचं नव्हतं. मग १९५४ मध्ये सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट होतात. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. त्याला १२० ने भागलं की २४. शॉट क्लॉकचे, म्हणजे बॉल ताब्यात आल्यावर शॉट घ्यायला मिळणारे, २४ सेकंद आले ते असे. आधीच्या मोसमात संघाची सरासरी ७९.५ गुण होती, पुढच्या मोसमात ती ९३.१ झाली. आम्ही ऑफिसात जे करतो ते याहून फार वेगळं नाही. एनबीएमध्ये थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायचा तीन गुणांचा शॉट, आला तो थेट १९७९-८० च्या मोसमात. आणि २०१९-२० पासून जी-लीग या एनबीएच्या नवोदितांच्या लीगमध्ये तर फाउलनंतरच्या दोन-तीन फ्री थ्रोंच्या (कुणी न अडवता मारायचे शॉट) जागी, शेवटची दोन मिनिटं सोडून, एकच फ्री थ्रो घेतात आणि तो बसला तर सगळे गुण देतात. फ्री थ्रोंना कंटाळून बटण दाबत सुटणाऱ्या तुमच्या दुसऱ्या मित्राला हे जरूर सांगा. लीगवाल्यांनाही तोच कंटाळा आला होता.

आता दुसरं टोक. मिडवे कंपनीचा एनबीए जॅम १९९३ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आला, प्रमुख डिझायनर मार्क टर्मेल. पाच विरुद्ध पाचऐवजी दोन विरुद्ध दोन. फाउल नाहीत, फ्री थ्रो नाहीत, धक्का मारून पाडलं तरी चालतं, आणि डंक मारणारा खेळाडू रिंगच्या कितीतरी वर जातो. लोक म्हणतात की या गेमने सगळे नियम फेकून दिले. पण ठेवलं काय ते बघा. २४ सेकंदांचं शॉट क्लॉक ठेवलं. थ्री ठेवला. आणि एवढ्या हाणामारीत गोलटेंडिंगचा नियम शिल्लक ठेवला, म्हणजे बॉल खाली येऊ लागल्यावर त्याला हात लावायचा नाही. हा उगाच राहिलेला नियम नाही. जिथे प्रत्येक जण दहा फुटांच्या रिंगवर सहज उडतो तिथे बचाव करणाऱ्याने रिंगजवळ नुसतं उड्या मारत राहायचं ठरवलं तर एकही शॉट आत जाणार नाही. कुठला नियम काढला तर खेळ मोकळा होतो आणि कुठला काढला तर कोसळतो, याची ज्याला नेमकी जाण आहे त्यालाच असा गेम जमतो. चांगला आर्केड गेम करणं सोपं असतं हा समज म्हणूनच मला पटत नाही.

जॅममधला 'ऑन फायर' तर सगळ्यांनाच आठवतो. एकाच खेळाडूने सलग तीन बास्केट केले की बॉल पेटतो, टर्बो (जादा वेगाची ताकद) संपत नाही आणि काहीही फेकलं तरी आत जातं. गंमत म्हणजे १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी शोधनिबंध लिहून सांगितलं होतं की 'हात तापलाय', म्हणजे सलग शॉट बसले की पुढचाही बसणार, ही खेळाडूंची आणि प्रेक्षकांची नुसती समजूत आहे. पुढे मिलर आणि सानहुर्हो यांनी त्या हिशेबातलीच एक खोच दाखवून दिली, म्हणजे तो वाद अजून मिटलेला नाही. टर्मेलने त्यात न पडता समजुतीलाच नियम करून टाकलं. खेळताना माणसाला जे वाटतं ते गेममध्ये खरोखर घडू द्यायचं. आर्केडची ताकद इथे आहे.

पण त्याच गेममध्ये एक छुपा हातही होता. मागे पडलेल्या संघाला गेम गुपचूप मदत करायचा, म्हणजे सामना शेवटपर्यंत अटीतटीचा राहायचा. नाण्यावर चालणाऱ्या मशीनला ते परवडतं, कारण एकतर्फी सामन्यात हरणारा उठून निघून जातो. टर्मेल पिस्टन्सचा चाहता, म्हणून त्याने आणखी एक खोडी करून ठेवली होती: पिस्टन्सविरुद्ध अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या क्षणी बुल्सचा शॉट चुकायचा. हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत कबूल केलं. तेव्हा 'कॅज्युअल' गेममध्ये सगळं खेळाडूच्या हातात असतं असं काही नाही. तिथे तुमच्या हातात नसलेला भाग फक्त तुम्हाला दिसत नाही.

सिम्युलेशनचं ('सिम', म्हणजे खऱ्या खेळाबरहुकूम चालणारे गेम) खरं दुखणं मात्र थ्रीमध्ये आहे, आणि इथे जरा थांबायला हवं.

२०१५-१६ च्या मोसमात स्टीफन करीने ४०२ थ्री मारले. तो एका मोसमातला विक्रम ठरला. त्यासाठी त्याने ८८६ प्रयत्न केले. म्हणजे इतिहासातल्या सर्वोत्तम शूटरच्या सर्वोत्तम मोसमातही ४८४ थ्री चुकले, निम्म्याहून जास्त. लीगची सरासरी तर ३५-३६ टक्क्यांच्या आसपासच असते. आता हे गेममध्ये आणा. तुम्ही स्क्रीन लावली (आपला एक खेळाडू बचावपटूच्या वाटेत उभा केला), माणूस मोकळा केला, पास वेळेवर दिला, बटण अचूक क्षणी सोडलं. आणि बॉल रिंगवर आपटून बाहेर. खऱ्या खेळात हे प्रत्येक क्वार्टरमध्ये होतं, पण हातात कंट्रोलर असलेला माणूस 'गेमने फसवलं' असंच म्हणणार. कारण त्याने त्याचं काम चोख केलेलं असतं. खरा शूटर चुकतो तेव्हा मनगट किंचित वळलेलं असतं, पाय दमलेले असतात. तुमच्या बोटाला यातलं काही जाणवत नाही.

यावर तोडगा म्हणून आला 'ग्रीन'. अचूक क्षणी बटण सोडलं की बॉल आत जाणारच. त्या क्षणाचा हिशेब करून बघा. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम १७ मिलिसेकंदांच्या आत. अचूक क्षणाची खिडकी समजा तीन फ्रेमची ठेवली तर ती ५० मिलिसेकंदांची झाली. खेळाडू उडी घेतो, बॉल डोक्याच्या वर येतो, कोपर सरळ व्हायला लागतं, आणि त्या हालचालीत कुठेतरी हे ५० मिलिसेकंद लपलेले असतात. सराव केलेला माणूस ते पुन्हा पुन्हा पकडतो. मात्र ऑनलाइन खेळताना जोडणीमुळे ४० मिलिसेकंदांचा उशीर झाला की घरी पाठ झालेली वेळ खिडकीच्या कडेवर जाऊन पडते. ऑफलाइन दहापैकी आठ थ्री मारणारा ऑनलाइन गेल्यावर कंट्रोलर आपटतो तो यामुळे.

ग्रीनने राग गेला, पण दुसरंच काहीतरी बिघडलं. एनबीएमध्ये थ्री ३६ टक्के बसला तर प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी १.०८ गुण मिळतात. रिंगजवळचा शॉट ६५ टक्के बसतो असं धरलं तर १.३. मधल्या अंतरावरचा ४२ टक्के धरला तर ०.८४. या आकड्यांमध्ये ओढाताण आहे, म्हणून संघाला विचार करावा लागतो: आत घुसावं, बाहेर पास द्यावा, की थांबावं? आता गेममध्ये सराईत माणसाचा थ्री ६० टक्के बसू लागला की प्रत्येक प्रयत्नाला १.८ गुण. मग आत कोण कशाला जाईल? पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, खेळणारा उंच माणूस बिनकामाचा, मधल्या अंतरावरचा शॉट बाद, आणि सामना म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसता थ्रींचा मारा. इथे खरेपणा गेला आणि त्याच्याबरोबर मजाही गेली. टक्केवारी खऱ्याच्या जवळ ठेवण्याचं कारण एनबीएची नक्कल हे नाहीच. ती तशी असली तरच दहा वेगळ्या प्रकारे बास्केट करायला अर्थ उरतो.

म्हणून मी स्वतः अचूक वेळेला बक्षीस देतो, पण खिडकीचा आकार परिस्थितीवर बांधतो. अंगावर हात असलेला बचावपटू, दमलेले पाय, धावतानाचा शॉट, न जमणारी जागा, या प्रत्येकाने खिडकी आकसते. मग शॉट चुकला तर खेळाडूला कारण सापडतं: घाई केली, पास द्यायला हवा होता. राग गेमवर न जाता स्वतःच्या निर्णयावर जातो, आणि असा राग आला की माणूस हमखास अजून एक सामना खेळतो.

क्वार्टरच्या लांबीवरून तुमच्या मित्रांमध्ये जे चाललंय त्याचंही उत्तर याच हिशेबात आहे. पाच मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे २० मिनिटं. त्यात एका संघाच्या वाट्याला साधारण ४० पझेशन (बॉल ताब्यात येण्याच्या खेपा) येतात आणि थ्रीचे प्रयत्न धरा १५. खऱ्या टक्केवारीने सरासरी पाच-साडेपाच बसायला हवेत, पण इतक्या कमी प्रयत्नांत एका सामन्यात तीन आणि दुसऱ्या सामन्यात आठ बसणं अगदी नेहमीचं आहे. तीन आणि आठ यांत १५ गुणांचा फरक आहे. म्हणजे छोटा सामना आणि खरी टक्केवारी एकत्र केली की निकाल नशीब ठरवतं. खरी टक्केवारी हवी असेल तर सामनाही लांब हवा, म्हणजे नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. सामना छोटा हवा असेल तर शॉट बोटांच्या वेळेवरच सोडा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं करू नका. सगळ्यात जास्त चिडचिड त्याच सेटिंगमधून होते.

छोट्या सामन्यात आणखीही काही गोष्टी आपोआप निकामी होतात. एनबीएमध्ये सहा फाउलवर खेळाडू बाहेर जातो, पण २० मिनिटांत सहा फाउल कुणाचेच होत नाहीत. मग स्टारला चौथ्या फाउलनंतर बसवायचं की नाही हा निर्णयच शिल्लक राहत नाही. थकव्याचंही तसंच. ४८ मिनिटांच्या वेगाने दमणारा खेळाडू २० मिनिटांत दमतच नाही, आणि बेंचवरची माणसं शोभेला. म्हणून क्वार्टर कमी केलात तर थकव्याचा आणि फाउलचा स्लायडर (प्रमाण कमी-जास्त करायची सेटिंग) वर घ्यावा लागतो. इतकं करून ठेवलं नाही तर पहिल्या मित्राची 'सगळं चालू ठेवा' ही मागणी नावापुरतीच पूर्ण होते.

हालचालींबद्दल थोडं. सिम गेम 'जड' वाटतात ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण अ‍ॅनिमेशन. धावत्या माणसाला थांबून उलट वळायचं तर पाय रोवायला वेळ लागतो. हे दाखवलं तर खेळाडू खराखुरा दिसतो, पण तुमच्या कंट्रोलरवरच्या स्टिकचं म्हणणं तो अर्ध्या सेकंदाने ऐकतो. न दाखवलं तर खेळाडू बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो, पण हाताला हलका लागतो. २०१० मध्ये ईए या कंपनीने एनबीए एलिट ११ मध्ये ठरीव अ‍ॅनिमेशनवरचं अवलंबित्व कमी करून हालचाल थेट स्टिकच्या हातात द्यायचा धाडसी प्रयत्न केला. डेमो आला आणि त्यात अँड्र्यू बायनम कोर्टच्या मधोमध दोन्ही हात पसरून पुतळ्यासारखा उभा राहिला. व्हिडिओ जगभर फिरला आणि प्रकाशनच रद्द झालं. लोक त्यावर अजून हसतात. मला मात्र तो प्रयत्न चुकीच्या दिशेचा वाटत नाही, अपुऱ्या तयारीचा वाटतो. त्याउलट २००१ पासूनच्या एनबीए स्ट्रीट मालिकेने तीन विरुद्ध तीनचा रस्त्यावरचा खेळ घेतला, हालचाली हव्या तेवढ्या अचाट ठेवल्या, आणि युक्त्या करून कमावलेला गेमब्रेकर नावाचा खास शॉट बसला की समोरच्याचे गुणच कापले जायचे. खरं तर अशक्य, पण युक्ती करायची की सरळ बास्केट, हा निर्णय त्यात दर क्षणी होता.

तुमच्या दुसऱ्या मित्राने सिमची एकच गोष्ट चाखून बघावी असं मला वाटतं, ती म्हणजे पिक अँड रोल. सेंटर येऊन तुमच्या गार्डच्या, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्या खेळाडूच्या, बचावपटूला स्क्रीन लावतो. बचावपटूपुढे एका सेकंदात प्रश्न उभा राहतो: स्क्रीनच्या वरून जायचं, मागून जायचं, की माणसं बदलायची? मागून गेला तर थ्री मोकळा. वरून गेला तर आत वाट मोकळी. माणसं बदलली तर उंच, संथ सेंटर तुमच्या चपळ गार्डसमोर एकटा सापडतो. आणि मदतीला तिसरा धावला तर कोपऱ्यातला त्याचा माणूस मोकळा. हे सगळं वाचणं, हीच सिमची मजा. डंकचा आनंदही यातच आहे, कारण तो रस्ता तुम्ही उघडलेला असतो. ज्या सिममध्ये बचाव करणारा संगणक हे प्रश्न नीट सोडवत नाही, तो घामाचे थेंब कितीही हुबेहूब दाखवो, मी त्याला सिम म्हणत नाही.

जाता जाता एक नाराजी. एनबीए टू-के १३ पासून गेममध्ये व्हीसी (व्हर्च्युअल करन्सी) नावाचं, पैसे देऊन विकत घेता येणारं चलन आलं, आणि पुढे खेळाडूची शूटिंगची पातळी वाढवायचा रस्ताही त्यातूनच जाऊ लागला. पैसे भरलेल्याची खिडकी मोठी आणि न भरलेल्याची छोटी, हा वाटा डोक्याचा नाही, बोटांचा नाही, नशिबाचाही नाही. मित्रांनी एकत्र खेळायचं तर एकाच खोलीत तयार संघ घेऊन खेळा, या भानगडीत पडू नका.

आता तुमच्यासाठी सेटिंग. रोजच्या गप्पांच्या बैठकीला सहा मिनिटांचे क्वार्टर, शॉट पूर्णपणे बटणाच्या वेळेवर, शूटिंग फाउल चालू, तीन सेकंदांचा नियम (रिंगसमोरच्या चौकटीत त्याहून जास्त थांबायची मनाई) बंद, थकवा नेहमीपेक्षा बराच वर. वेळ आणखी कमी असेल तर ब्लॅकटॉप या गेममधल्या रस्त्यावरच्या खेळाच्या प्रकारात हाफ कोर्टवर (अर्ध्या मैदानावर) २१ गुणांपर्यंत खेळा. पहिला मित्र नाक मुरडेल तर त्याला सांगा की ऑलिंपिकमध्ये पोचलेला तीन विरुद्ध तीनचा थ्री-बाय-थ्रीसुद्धा २१ गुणांवर किंवा १० मिनिटांवरच संपतो, आणि तिथे शॉट क्लॉक १२ सेकंदांचं असतं. त्यालाही कुणी खोटा बास्केटबॉल म्हणत नाही.

सुट्टीच्या दिवशी एक लांब सामना त्याच्या मर्जीने. मात्र १२ ऐवजी आठ मिनिटांचे क्वार्टर घ्या. अमेरिकेत बहुतेक शालेय सामने आठ मिनिटांच्याच क्वार्टरचे असतात, तेव्हा तक्रारीला जागा नाही. ३२ मिनिटांत फाउल आणि थकवा दोन्ही अंगावर येऊ लागतात आणि नशीब बऱ्यापैकी धुतलं जातं. या सामन्यात तिघंही एकाच संघातून संगणकाविरुद्ध खेळा, अवघडपणा एक पायरी वर ठेवून. पहिल्या मित्राला गार्ड द्या, स्क्रीन कधी मागवायची ते तो ठरवेल. दुसऱ्याला रिंगकडे धावणारा सेंटर द्या, त्याला डंक मिळतील. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा.

स्लायडर बदलायचे तर एका वेळी एकच, तोही थोडासा, आणि चार-पाच सामन्यांचे आकडे बघून मगच पुढचा. थ्री ४५ टक्क्यांच्या वर जायला लागले तर शूटिंग कमी करण्याआधी बचावाचा स्लायडर वाढवून बघा. शॉट मोकळा मिळतोय म्हणून बसतोय की मोकळा नसतानाही बसतोय, हे त्यातून कळतं.

दुखापती मात्र दोन्हीकडे बंद. पूर्ण मोसम खेळताना त्या हव्यात, कारण स्टार महिनाभर बाहेर गेला तर संघ नव्याने बांधायचा निर्णय तुमच्यापुढे येतो. एका बैठकीच्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरला गार्डचा घोटा मुरगळला तर पहिल्या मित्राला उरलेला वेळ बेंचवरच्या माणसाला घेऊन काढावा लागेल, आणि दुखापती चालू ठेवायचा आग्रह त्याचाच होता हे दुसरा त्याला शेवटपर्यंत ऐकवत राहील.